वाटेवरची एक रात्र : आन्सी की शांबेरी?

पॅरिसहून तुरिन किंवा मिलानला आगगाडीने जायचं तर वाटेत आल्प्स आडवा येतो. थेट गाडी आहे. सकाळी पॅरिसला बसलं की सहाएक तासांत तुरिन येतं. तरीही वाटेत एक रात्र थांबावं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडची बरीच मंडळी फ्रान्स म्हणून पॅरिस बघतात आणि दुसऱ्या दिवशी इटलीत उतरतात. मधला सगळा मुलूख खिडकीच्या काचेतून निघून जातो. त्या मुलखात शेकडो वर्षांची गावं आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाला पॅरिसपासून वेगळा, स्वतःचा इतिहास आहे.

आमचा भाचा तुरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकतो. त्याच्याकडे सप्टेंबरअखेरीस जायचं ठरलं तेव्हा मी आणि हे नकाशा घेऊन बसलो. तीन नावं पुढे आली : ल्यों, आन्सी आणि शांबेरी. ह्यांचं बोट सरळ आन्सीवर. मी शाळेत इतिहास शिकवलेली बाई, माझं बोट शांबेरीवर अडलं होतं. का, ते पुढे सांगते. आधी ही निवड करायची कशी, त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा प्रश्न आमच्यापुरता नाही.

मुक्काम एका रात्रीचा असेल तर हाताशी वेळ किती असतो? दुपारी तीन-चारला गाडीतून उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पुन्हा गाडीत बसायचं. म्हणजे एक संध्याकाळ आणि एक सकाळ. फ्रान्समध्ये बहुतेक संग्रहालयं संध्याकाळी पाच-सहाला बंद होतात आणि आठवड्यातून एक दिवस, सोमवारी किंवा मंगळवारी, उघडतच नाहीत. म्हणून अशा मुक्कामासाठी ज्याची ‘काय काय बघाल’ ही यादी सर्वांत लांब ते गाव निवडायचं नसतं. तिकीट न काढता, दरवाजे बंद झाल्यावरही, रस्त्यावरून चालताना ज्याचा इतिहास दिसतो ते गाव निवडायचं. जुनं गाव स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ हवं. गाव आपल्या वाटेवर हवं, फाट्यावर नको. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्या गावाला विचारायचा एखादा प्रश्न आपल्याजवळ आधीपासून हवा. तो असला तर एक संध्याकाळ पुरते. नसला तर आठवडाभर राहूनही छायाचित्रांपलीकडे हाती काही लागत नाही.

ल्यों ह्या हिशेबात पहिल्यांदा गळलं. शहर वाईट आहे म्हणून नव्हे, फार मोठं आहे म्हणून. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये रोमनांनी वसवलेलं हे शहर. सम्राट क्लॉडियसचा जन्म इथला. रेशीम विणणाऱ्या कामगारांनी १८३१ आणि १८३४ मध्ये उठाव केले तेही इथेच. जुन्या भागातल्या घरांच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणाऱ्या बोळकांड्या आहेत, त्यांना ‘त्राबूल’ म्हणतात. ल्युमिएर बंधूंचा कारखाना ल्योंचाच. त्यांचीच चित्रं ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली आणि आपल्या सावेदादांना, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांना, कॅमेऱ्याचं वेड लागलं. एवढ्या शहराला एक रात्र देणं मला पटत नाही. त्याच्यासाठी वेगळे तीन दिवस काढा.

उरली आन्सी आणि शांबेरी. दोन्ही साव्हॉय प्रांतातली, एकमेकींपासून रेल्वेने पाऊण तासावर.

आन्सीची बाजू आधी मांडते, कारण ती भक्कम आहे. आन्सी अतिशय सुंदर गाव आहे. निळंशार तळं, त्यातून निघणारी थियू नावाची छोटी नदी, नदीच्या दोन्ही काठांना चिकटून जुनी घरं, आणि पात्राच्या मधोमध नावेच्या नाळेसारखी टोकदार उभी असलेली दगडी इमारत, पाले द लिल. बाराव्या शतकापासूनची ही वास्तू कधी टांकसाळ होती, कधी न्यायालय, पुष्कळ काळ तुरुंग. आन्सीचं तुम्ही पाहिलेलं चित्र जवळजवळ नक्की ह्याच इमारतीचं असणार. स्टेशनपासून जुनं गाव दहा मिनिटांच्या चालीवर आहे. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी जुन्या गल्ल्यांत बाजार भरतो. वर टेकडीवर जिनिव्हाच्या काउंटांचा किल्ला आहे. जिनिव्हाने सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला तेव्हा तिथल्या कॅथलिक बिशपांना गाव सोडावं लागलं आणि ते आन्सीत राहू लागले. त्यातले फ्रान्स्वा द साल पुढे संत म्हणून मान्यता पावले.

त्या तळ्याची कथा तर प्रत्येक नगरपालिकेत वाचून दाखवावी अशी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काठावरच्या गावांचं सांडपाणी सरळ तळ्यात जात होतं आणि तळं मरायला लागलं होतं. पॉल सेर्वेताझ नावाच्या तिथल्या डॉक्टरांनी हा प्रश्न लावून धरला. १९५७ मध्ये काठावरच्या नगरपालिका एकत्र आल्या आणि तळ्याभोवती सांडपाण्याची वाहिनी टाकून त्यांनी घाण बाहेरच्या बाहेर वळवली. आज युरोपातल्या सगळ्यांत स्वच्छ तळ्यांत त्याचं नाव घेतात. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्या माणसाला हे वाचून हेवा वाटतोच, पण त्याहून जास्त, हे होऊ शकतं अशी आशा वाटते.

मग आन्सी का नको? एक कारण गर्दी. उन्हाळ्यात थियूच्या काठच्या गल्ल्यांत मुंगीला जागा नसते. दुसरं कारण दिशेचं. आन्सी तुरिनच्या वाटेवर नाही. मुख्य मार्ग सोडून उत्तरेला वर जायचं आणि दुसऱ्या दिवशी एक्स-ले-बें, शांबेरी करत परत खाली यायचं. एका रात्रीच्या मुक्कामात हा वळसा सकाळ खाऊन टाकतो, आणि आन्सीचं खरं सुख सकाळी तळ्याकाठी बसण्यात आहे. जिनिव्हाला जाणाऱ्यांचं गणित अर्थात उलटं होईल. त्यांना आन्सी जवळ आहे, त्यांनी खुशाल तिथे थांबावं. लहान मुलं बरोबर असतील आणि दोन रात्री हातात असतील तर मीसुद्धा आन्सीच सांगेन.

शांबेरी मात्र थेट वाटेवर. पॅरिसहून सुमारे तीन तास, पुढे तुरिनला अडीच-पावणेतीन तास. पॅरिस–मिलान गाडी तिथे थांबते. एक सावधगिरी सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये मोरिएन खोऱ्यात दरड कोसळली आणि ही आंतरराष्ट्रीय लाइन मार्च २०२५ च्या अखेरीपर्यंत बंद राहिली. डोंगरातली लाइन आहे. तिकीट काढायच्या आधी गाड्या चालू आहेत ना, एवढं बघून घ्यावं.

“अहो, तिथे बघायचं काय?” असं विचारायची पाळी माझी नव्हती, ह्यांची होती. ह्यांनी विचारलं, “शांबेरीत आहे काय?” मी म्हटलं, “महादजी शिंद्यांचा सेनापती.”

आठवीत-नववीत मराठ्यांचा इतिहास शिकवताना एक नाव यायचं, डी बॉयन. मुलं परीक्षेपुरतं लक्षात ठेवायची : महादजींनी पाश्चात्त्य पद्धतीची कवायती फौज उभारली, त्यासाठी डी बॉयन या फ्रेंच अधिकाऱ्याची नेमणूक केली. संपलं. हा माणूस कुठून आला आणि कुठे गेला, हे पुस्तकात नव्हतं. तो शांबेरीहून आला आणि शांबेरीलाच परत गेला.

बेन्वा लबोर्न्य हे त्याचं मूळ नाव. जन्म १७५१, बाप फर विकणारा व्यापारी. तरुणपणी तो फ्रान्सच्या चाकरीतल्या आयरिश पलटणीत गेला, मग रशियाच्या बाजूने तुर्कांशी लढताना पकडला गेला. सुटून इजिप्तमार्गे १७७८ मध्ये मद्रासला आला आणि कंपनी सरकारच्या फौजेत लागला. तिथे मन रमेना म्हणून उत्तरेकडे आला. १७८४ मध्ये महादजींनी त्याला ठेवून घेतलं आणि दोन पलटणी उभ्या करायला सांगितल्या. पानिपतातून पाय अधू होऊन परतलेल्या महादजींना एक गोष्ट पक्की कळली होती. नुसत्या घोडदळाच्या जोरावर पुढचं शतक निभावणार नाही, शिस्तीचं पायदळ आणि चांगला तोफखाना हवा. दोन पलटणींचे पुढे कंपू, म्हणजे ब्रिगेडी, झाले. १७८७ ला लालसोट, १७९० ला पाटण आणि मेडता, ह्या लढायांत त्या पायदळाने राजपूत घोडदळाचे हल्ले पेलले आणि उत्तरेत शिंद्यांचा शब्द चालू लागला. १७९३ मध्ये लाखेरीला हीच फौज तुकोजी होळकरांच्या फौजेवर चालून गेली. मराठ्यांनी मराठ्यांवर तोफा डागल्या. ते पान मी वर्गात कधी घाईने उलटलं नाही. मुलांना ते कळायला हवं.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्यात वानवडीला वारले. तिथली शिंद्यांची छत्री पुणेकरांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षाच्या अखेरीस प्रकृतीचं कारण देऊन डी बॉयनने निरोप घेतला. फौज पेरॉन नावाच्या फ्रेंच माणसाच्या हाती गेली आणि १८०३ मध्ये इंग्रज सेनापती लेकपुढे ती मोडली. डी बॉयन प्रचंड संपत्ती घेऊन आधी इंग्लंडला आणि नंतर आपल्या गावी गेला. त्या संपत्तीचं तिथे काय झालं, हा माझा प्रश्न होता. तो घेऊन मी शांबेरीच्या स्टेशनवर उतरले.

स्टेशनबाहेरचा पहिला भाग साधा, नव्या इमारतींचा आहे. कोणी तिथूनच नाक मुरडून परत जाऊ नये. २६ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी इथल्या रेल्वे यार्डावर बाँब टाकले आणि गावाचा हा भाग त्यात पडला. पुढे दहाएक मिनिटं चाललं की एक रुंद चौक लागतो आणि त्यात चार हत्ती उभे आहेत.

ओतीव लोखंडाचे चार हत्ती, एकमेकांना पाठीमागून जोडलेले, चारी दिशांना तोंडं केलेले. सोंडेतून पाणी. मधून ताडाच्या खोडासारखा खांब वर गेलेला, आणि सगळ्यांत वर सैनिकी पोशाखातला डी बॉयन. उंची साडेसतरा मीटरांहून थोडी जास्त. ग्रनोबलचा शिल्पकार साप्पे ह्याने १८३८ मध्ये हे कारंजं उभारलं. वरून पाहिलं तर हत्तींच्या रचनेतून साव्हॉय घराण्याचा क्रूस तयार होतो. हत्तींचा फक्त पुढचा भाग असल्यामुळे गावातले लोक त्यांना ‘मागची बाजू नसलेले चौघे’ म्हणतात. सगळेजण भेटायची जागा म्हणून हत्तींचाच चौक सांगतात. शाळेतून सुटलेली पोरं कठड्यावर बसून पाव खात होती. त्यांच्या डोक्यावर दुआबातल्या महसुलातून उभा राहिलेला माणूस होता आणि त्यांना त्याचं काहीच अप्रूप नव्हतं. गावाने त्याला किती आपलंसं केलंय ते त्यात दिसलं.

हत्तींपासून एक सरळ रस्ता किल्ल्याकडे जातो. दोन्ही बाजूंना कमानी, कमानींखाली दुकानं, पावसात न भिजता चालता यावं अशी सोय. तुरिनमध्ये असे रस्ते मैलोगणती आहेत, शांबेरीत हा एक. जुन्या गावाच्या दाटीतून तो १८२० च्या दशकात काढला, पैसा डी बॉयनचा, आणि रस्त्याला नावही त्याचंच. नाटकगृहासाठी त्याने पैसे दिले. इस्पितळासाठी दिले, वृद्धांसाठी आश्रम काढला, मनोरुग्णांसाठी आणि निराधारांसाठी सोय केली. १८३० मध्ये तो वारला तोवर हे चालू होतं.

त्या कमानींखालून जाताना माझ्या मनात दोन गोष्टी एकदम होत्या. एक, हा पैसा अलीगढच्या आसपासच्या परगण्यांतला. महादजींनी फौजेच्या खर्चासाठी त्याला दुआबात जहागीर दिली होती. तिचा वसूल शेतकऱ्याने भरला होता आणि त्या शेतकऱ्याच्या गावात ह्यातून एक विहीरही झाली नसेल. दुसरी, त्या काळी हिंदुस्थानातून गबर होऊन गेलेल्या कितीतरी युरोपियनांनी आपल्यापुरते वाडे बांधले. ह्याने स्वतःसाठी वाडा घेतला तसं गावातल्या वेड्या-म्हाताऱ्यांसाठीही घर बांधलं. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही, आणि ते पुसण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

आणखी एक व्यक्ती त्या चौकात नाही. हिंदुस्थानात डी बॉयनची पत्नी होती, नूर. तिला घेऊन तो इंग्लंडला गेला. दोन मुलं होती. तिथे त्याने १७९८ मध्ये एका फ्रेंच उमरावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं आणि नूर, तोवर हेलेन बेनेट झालेली, इंग्लंडमध्येच मागे राहिली. ती १८५३ पर्यंत जगली. ससेक्समधल्या हॉर्शम गावात तिची कबर आहे. नवी बायको पुढे पॅरिसमध्ये आठवणी लिहून प्रसिद्ध झाली. इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकीने डी बॉयनबरोबर नूरचंही नाव घ्यावं, अशी माझी इच्छा आहे.

रस्त्याच्या टोकाला साव्हॉयच्या राजघराण्याचा किल्ला. १२९५ मध्ये तो त्यांच्या ताब्यात आला आणि शांबेरी राजधानी झाली. १४१६ मध्ये ती डचीची, म्हणजे ड्यूकच्या राज्याची, राजधानी झाली. आज तिथे सरकारी कचेऱ्या आहेत, त्यामुळे आत फक्त वाटाड्याबरोबर ठरलेल्या वेळी जाता येतं. संध्याकाळी आलेल्याला बाहेरून आणि पायऱ्यांवरूनच बघावं लागतं, पण बाहेरूनही पुरे आहे. किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिरात एके काळी ते प्रसिद्ध कफन ठेवलेलं होतं, ज्यात येशूचं शव गुंडाळलं होतं अशी श्रद्धा आहे. ४ डिसेंबर १५३२ च्या रात्री तिथे आग लागली. कफन ज्या चांदीच्या पेटीत होतं ती वितळू लागली, घडी घातलेलं कापड कडेने जळलं, आणि जोगिणींनी ते ठिगळं लावून शिवलं. १९८८ मध्ये केलेल्या कार्बन चाचणीत कापड १२६० ते १३९० च्या दरम्यानचं निघालं. श्रद्धा ठेवणाऱ्यांची श्रद्धा त्यानंतरही टिकून आहे. मंदिराच्या मनोऱ्यात सत्तर घंटांचा वाद्यसंच आहे, ठरावीक शनिवारी तो वाजवतात.

मग जुन्या गावात शिरावं. सां-लेजे नावाचा लांबट चौक, पिवळ्या-तांबूस रंगाची घरं, हिरव्या झडपा. इथे फ्रान्सपेक्षा इटली जास्त दिसते, आणि ते साहजिकच आहे. साव्हॉय फ्रान्समध्ये कायमचं गेलं ते १८६० मध्ये. त्याआधी ते तुरिनच्या राजाचं होतं. इटलीच्या एकीकरणात तिसऱ्या नेपोलियनने मदत केली, त्याच्या बदल्यात साव्हॉय आणि नीस त्याला मिळालं. एप्रिल १८६० मध्ये मतदान झालं : फ्रान्सच्या बाजूने १,३०,५३३, विरुद्ध २३५. आकडे बघूनच मतदान कसं घेतलं असेल त्याचा अंदाज येतो.

ह्या चौकाच्या खालून आल्बान नदी वाहते, झाकलेली. घरांच्या दारांतून आत जाणाऱ्या अरुंद वाटा आहेत, दार लोटून गेलं की अंगण, जिना, पुन्हा दुसरा रस्ता. काही दारं उघडी असतात, लोक ये-जा करतात, आपणही शांतपणे जावं. ल्योंच्या त्राबूलना मिळालेली कीर्ती ह्यांना नाही, म्हणून इथे रांगही नाही. कॅथीड्रल उघडं असेल तर आत जाऊन वर बघाच. छतभर कोरीव दगडाची नक्षी दिसते, कमानीवर कमानी, आणि सगळी सपाट गिलाव्यावर रंगवलेली. १८३० च्या दशकात विकारियो नावाच्या चित्रकाराने ती केली. सुमारे सहा हजार चौरस मीटर. मान दुखेपर्यंत पाहूनही एक कमान खरी की रंगवलेली हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, हात लावता आला असता तरच कळलं असतं.

जेवणाबद्दल. फ्रान्समध्ये संध्याकाळी सातच्या आत स्वयंपाकघर उघडत नाही, रविवारी रात्री पुष्कळ ठिकाणी उघडतच नाही. हा डोंगरी, थंडीचा मुलूख, त्यामुळे चीज आणि बटाटा भरपूर. शाकाहारी माणसाला फोंद्यू चालतो : वितळलेलं चीज आणि पावाचे तुकडे, त्यात पांढरी वाइन असते एवढं लक्षात ठेवा. क्रोझे म्हणजे बकव्हीटच्या, आपल्या कुट्टूच्या, पिठाचे छोटे चौकोन. ते चीजबरोबर छान लागतात, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे, आधी विचारावं. कडक शाकाहाऱ्यांनी हेही जाणून असावं की ब्यूफोर, रेब्लोशों ही इथली पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. त्यांनी भाजीचं सूप, पाव, सॅलड मागावं, मिळतं. शनिवारी सकाळी बाजार असतो, तिथे फळं आणि अक्रोड घ्यावेत.

रात्री झोपण्यापूर्वी दक्षिणेकडे बघा, चंद्र असेल तर ग्रानिए पर्वताचा उभा कापलेला कडा दिसतो. नोव्हेंबर १२४८ मध्ये एका रात्री त्याचा मोठा भाग कोसळला आणि पायथ्याची गावं हजारएक माणसांसकट गाडली गेली. त्या राडारोड्यावर आज द्राक्षमळे आहेत, आप्रमों आणि आबीम नावाची वाइन तिथली. गावातल्या कोणत्याही हॉटेलात ती मिळते.

सकाळचा वेळ मी ले शार्मेतसाठी ठेवला होता. गावाबाहेर चढावर, अर्ध्या तासाच्या चालीवर, झाडांत एक जुनं घर आहे. रूसो तरुणपणी इथे मादाम द वारें ह्या बाईंच्या आश्रयाने राहिला. त्या दोघांची पहिली भेट १७२८ मध्ये आन्सीत झाली होती, तेव्हा तो सोळा वर्षांचाही नव्हता, जिनिव्हाहून पळून आलेला. शांबेरीत त्याने काही काळ जमीन मोजणीच्या कचेरीत कारकुनी केली, संगीत शिकवलं, आणि ह्या घरात १७३० च्या दशकात हाताला लागेल ते वाचून काढलं. शाळेत न गेलेला माणूस इथे शिकला. बागेत औषधी वनस्पतींचे वाफे आहेत आणि समोर डोंगर. वाट चढाची आहे, गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करावी. आम्ही सावकाश चालत गेलो. हे वाटेत दोनदा थांबले, पण वर पोचल्यावर बागेतून हलायला तयार होईनात, आणि आन्सीचं नाव त्यानंतर निघालं नाही.

दुपारच्या गाडीने पुढे निघालं की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, मोदान येतं आणि बोगदा लागतो. ह्या बोगद्याचं काम १८५७ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याची दोन्ही तोंडं एकाच राजाच्या मुलखात होती. १८७१ मध्ये तो खुला झाला तोवर एक तोंड फ्रान्समध्ये गेलेलं होतं. बोगद्यापलीकडे इटली. साव्हॉयच्या ड्यूकने १५६३ मध्ये ह्याच दिशेने राजधानी हलवली, शांबेरीहून तुरिनला, फ्रान्सच्या फौजांपासून दूर. पंधरा वर्षांनी ते जळकं, शिवलेलं कफनही त्याच्यामागून गेलं.

भाचा स्टेशनवर न्यायला आला होता. त्याने विचारलं, “मावशी, आधी काय बघायचं?” म्हटलं, “तुमचं कॅथीड्रल.” तिथे कफन बंद पेटीत असतं, दिसत नाही, हे त्याने मला दोनदा समजावलं. मला पेटीच बघायची होती.